पॉजच्या रेघा

"आजी, तुम्ही बाहेर बसा," असं तिला सांगून नर्सने तिच्या नवऱ्याला आत घेतलं आणि दार लावलं.

दार आपटलं नाही. असल्या इस्पितळांतली दारं आपटत नाहीत; वर बसवलेला पोलादी दांडा त्यांना समजूत घालत घालत चौकटीपर्यंत आणून सोडतो. तरी तिला ते आपटल्यासारखं वाटलं. 'आजी' म्हटल्याचा रागही आला, पण तो मागाहून, सवडीने. आधी जाणवलं ते हे, की आपल्याला कोणीतरी बाहेर बसवलंय. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात लोकांनी तिला कोपऱ्यात बसवलं होतं, अंधारात बसवलं होतं, एका नाटकात तर नेपथ्यातल्या खोट्या विहिरीत बसवलं होतं. पण बाहेर कधीच नाही. तिची जागा आत. रंगमंचापासून अर्ध्या पावलावर, विंगेच्या कापडामागे, मांडीवर संहिता आणि संहितेवर बोट. ती प्रॉम्प्टर होती. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांना त्यांचे शब्द पुरवले, आणि तेही अशा बेताने, की नटाला शब्द मिळावा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. कंपनीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती कुजबूज. "कुजबूज आली का?" "कुजबुजीला चहा द्या." आत्ता आत खुर्चीवर बसलेला तिचा नवरा त्याच कंपनीत दिवे सांभाळायचा, म्हणून तो उजेड. लग्न ठरलं तेव्हा दिग्दर्शक म्हणाला होता, चला, कुजबुजीवर उजेड पडला एकदाचा, आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला, की तालीम अर्धा तास खोळंबली. लग्नानंतर सासूबाईंसमोर ती 'अहो' म्हणायची, पण त्यांची पाठ वळली की पुन्हा 'अरे उजेड'. सासूबाईंना ते कळत होतं. त्यांनीही कळू दिलं नाही.

कॉरिडॉरमध्ये पाच खुर्च्या एकाच दांड्यावर बसवलेल्या होत्या. एकीवर कोणी टेकलं की बाकीच्या चार दचकायच्या. ती कडेच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घेतली, पर्सवर उजवा हात ठेवला. आत काय चाललं असेल ते तिला पाठ होतं. तीस गुणांची परीक्षा. आज वार कोणता, साल कोणतं, आपण कितव्या मजल्यावर आहोत. शंभरातून सात वजा करा, राहिलेल्यातून पुन्हा सात. मी तीन शब्द सांगते ते लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारीन. मनाला येईल ते एक वाक्य लिहा. मग बेरीज. आणि त्या बेरजेवर सगळं घोडं अडलेलं. वीस किंवा वर आले तर नवं औषध सुरू होईल. उजेड विसाच्या खाली गेला असेल, तर नाही. "फार पुढे गेलेल्यांना या औषधाचा उपयोग होत नाही, काकू," डॉक्टर पंधरा दिवसांपूर्वी म्हणाली होती. डॉक्टर त्यांच्या लेकीहून लहान, केस मागे घट्ट बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. रक्त झालं होतं, मेंदूचे फोटो झाले होते, आजार तोच, विसरण्याचा, ही खात्री झाली होती. ती खात्री ऐकताना कुजबुजीला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला आशा वाटली होती, कारण ज्याला नाव असतं त्यालाच औषध असतं.

औषधाची बातमी चार महिन्यांपूर्वी लेकीने पाठवली. परमुलखातून तिचा फोन आला तोच मुळी धापा टाकत. "आई, वाचलंस का? वाच आधी! मग बोल!" बातमीत फार काही नव्हतं. गेलेलं परत येत नाही, पण जाण्याचा वेग कमी होतो. चार आठवड्यांतून एकदा शिरेतून द्यायचं. सगळ्यांना चालत नाही. मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून मधूनमधून तपासावं लागतं. एवढंच. पण त्या एवढ्याशा बातमीने घराचा नूर पालटला. कुजबुजीने ती छापून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर काचेखाली सरकवली. उजेड रोज सकाळी चहा पिताना ती वाचायचा, आणि रोज त्याचा चेहरा फुलायचा. "अगं, हे वाचलंस का? औषध निघालंय!" पहिले दोन दिवस ती म्हणाली, कालच नाही का वाचलंस. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, कशाला? ज्या माणसाला रोज सकाळी नव्याने आनंद होतो त्याच्या वाटेत आपण का आडवं पडावं? तेव्हापासून तीही रोज म्हणायची, "काय सांगतोस! बघू," आणि चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून वाचायची. गंमत म्हणजे, असं शंभर-सव्वाशे सकाळी वाचूनही ती बातमी तिलाही शिळी वाटेना. या आजाराच्या घरात इतकं हसू असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायच्या, चष्मा साखरेच्या डब्यात. एकदा तर तो औषधाच्या दुकानातून घरी यायची वाट चुकून शेजारच्या इमारतीत त्याच मजल्यावर गेला, आणि तिथल्या बाईंनी त्याला बसवून घेऊन कॉफी पाजली. तिथून फोन आला तेव्हा तो आरामात गप्पा मारत होता. ती घ्यायला गेली तर म्हणाला, "ये ये, बस. लोक चांगले आहेत." तिला हसू आवरलं नाही. भीती नव्हती असं नाही. भीती घरातच राहायला आली होती. पण तीही आता घरातल्यासारखीच वागत होती.

पर्सवरचा तिचा हात हलत होता. तिचं लक्ष गेलं आणि तिने तो दुसऱ्या हाताने दाबून धरला. सगळं करून बसला होता तो हाच हात. गेल्या वर्षी ओळखीच्या डॉक्टरांकडे हीच परीक्षा झाली होती, आणि तेव्हा तिला कोणी बाहेर बसवलं नव्हतं. डॉक्टर टेबलाच्या या बाजूला, त्यांच्यासमोर उजेड, आणि डॉक्टरांच्या पाठीमागे भिंतीशी ती, पर्स मांडीवर. म्हणजे नेमकी ती जागा, जिथून एकतीस वर्षं तिने त्याला इशारे दिले. रंगमंचाच्या या विंगेत ती, पलीकडच्या विंगेत दिवे कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या खटक्यांपाशी तो. मध्ये नट आपापली भांडणं, प्रेमं, मरणं उरकत असायचे आणि त्यांच्या डोक्यांवरून या दोघांचा कारभार चालायचा. ती बोटं वर करायची: दोन म्हणजे दिव्यांची दुसरी ओळ, चार म्हणजे चौथी. हात खाली आला की उजेड वर. त्याने हाताचा तळवा दाखवला तर अर्थ, थांब, मी तयार नाही. संपूर्ण वाक्यं बोलायचे ते अशी; लग्न होण्याआधीच त्यांची निम्मी भाषा ठरून गेली होती. तर डॉक्टरांनी साल विचारलं, उजेडने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या बोटांनी पर्सवर साल सांगून टाकलं. तिने ठरवून केलं नव्हतं, हे ती देवाशपथ सांगू शकली असती. समोरचा माणूस अडला आणि हात चालला, बस. शंभरातून सात: नऊ बोटं, मग तीन. आठ, मग सहा. तीन शब्द होते चष्मा, किल्ली आणि झाड. तिने चष्मा सारखा केला, पर्स हलवून किल्ल्या वाजवल्या, आणि झाडासाठी खिडकीबाहेर बघत राहिली. पण खिडकीबाहेर पाण्याची टाकीही होती, म्हणून तेवढा एक गुण गेला. तिसांपैकी एकोणतीस. "वय झालं की थोडं होतंच," डॉक्टर म्हणाले, "काही नाही झालेलं यांना." टॅक्सीत ती इतकी खुशीत होती, की खिडकीची काच खाली करून गुणगुणत होती. उजेड तिच्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "छान झाला प्रयोग." तिने ते कानाआड केलं. सवयीचा शब्द, आला असेल तोंडात, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्या एकोणतिसांनी एक वर्ष खाल्लं. आणि आता नवं काही खायला बसले होते. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरने जुना कागद पाहिला आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. "एका वर्षापूर्वी एकोणतीस? आता बोलताना तर ते बरेच अडतायत. इतक्या झपाट्याने उतरत असतील, तर आम्हाला दोनदा विचार करावा लागेल. कदाचित याच्या जोडीला दुसरंच काहीतरी असेल. मग औषध देता येणार नाही." त्या क्षणी सांगायला हवं होतं. कुजबुजीने तोंड उघडलंही. ज्या बाईने आयुष्यात हजारो वेळा दुसऱ्यांच्या तोंडात नेमका शब्द घातला, तिला स्वतःसाठी एक वाक्य सापडेना. "डॉक्टर, ते गुण माझे होते." पाच शब्द. पंधरा दिवस ती त्यांची तालीम करत होती, भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना. आज आत गेल्यावर लगेच सांगायचं ठरलं होतं. तर दार लागलं.

दाराला डोळ्यांच्या उंचीवर हातभर लांबीची एक काच होती. ती उठली. नुसतं बघू, असं म्हणत उठली. डॉक्टर पाठमोरी होती आणि उजेड थेट दाराकडे तोंड करून. त्याच्या अंगात तो करडा स्वेटर होता, वरचं बटण चुकीच्या काजात. तो अडला होता. कशावर ते ऐकू येत नव्हतं, पण त्याची हनुवटी किंचित वर गेली होती आणि नजर हवेत काहीतरी चाचपत होती. बहुधा सात वजा करत होता. तिचा हात आपसूक काचेपर्यंत आला. वीस. नुसते वीस हवेत. एकदाच, एका उत्तरापुरतं. इथे कोण बघतंय? आणि तेवढ्यात त्याने तिला पाहिलं. त्याचे डोळे ओळखीने हसले, मग तिच्या उचललेल्या बोटांवर गेले. त्याने मांडीवरचा हात थोडासा वर केला आणि तळवा दाखवला.

थांब.

ती परत येऊन खुर्चीवर बसली, आणि बाकीच्या चार खुर्च्या दचकल्या. तिला लाजही वाटली आणि एक वेडगळ आनंदही झाला. त्या तळव्याला ती किती दिवसांनी भेटत होती! गेलं वर्षभर तिने त्याला तळवा दाखवायला वेळच दिला नव्हता. तो 'मला जरा ते...' म्हणायचा आणि तोवर हिने म्हटलेलं असायचं, 'टॉवेल.' तो 'काल आपल्याकडे...' की हिचं 'तुझी भाची.' वाक्य त्याने सुरू करायचं आणि हिने संपवायचं. प्रॉम्प्टर म्हणून अशी वागली असती तर पहिल्याच आठवड्यात तिला हाकलून दिलं असतं. कारण प्रॉम्प्टरचं काम शब्द देणं नव्हेच. तो तर कोणीही देईल, पुस्तक समोर असतं. काम असतं ते नट विसरलाय की थांबलाय हे ओळखण्याचं. विसरलेल्याला शब्द दिला नाही तर नाटक पडतं. थांबलेल्याला दिला तर त्याहून वाईट, त्याने जिवाच्या आकांताने रचलेला पॉज फुटतो. म्हणून ती तालमीतच प्रत्येक पॉजच्या जागी समासात उभ्या रेघा मारून ठेवायची, जितके आकडे मोजायचे तितक्या रेघा. कापलेल्या वाक्यांना दिग्दर्शकाची हिरवी पेन्सिल, नटांच्या हालचालींना काळी, म्हणून तिची लाल. लाल रेघा दिसल्या, की जीभ टाळूला लावून गप्प बसायचं.

आणि तरी एकदा ती चुकली होती. नवीनच लागली होती तेव्हा, एका नव्या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगात. मुलाच्या मरणाचं पत्र वाचून झाल्यावर आई बोलत नाही. सात रेघांचा पॉज, सगळ्या नाटकाचा जीव त्यात. कंपनीतली सगळ्यांत मोठी नटी. तिसऱ्या आकड्याला कुजबुजीने स्वच्छ, गोड आवाजात तिला पुढचं वाक्य दिलं. पहिल्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. नटी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. दिग्दर्शक बोलला, ते न बोललेलंच बरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संहिता उघडली, तर समासात सातच्या सात लाल रेघा शिपायांसारख्या उभ्या. आपणच मारलेल्या रेघा आपल्यालाच कशा दिसल्या नाहीत, हे कोडं तिला त्रेचाळीस वर्षांत सुटलं नाही. त्या दिवशी ती विंगेत एकटी रडत बसली होती, तेव्हा दिव्यांवरचा तो उंच, अबोल माणूस चहा घेऊन आला. दोन वाक्यांपलीकडे त्यांचं बोलणं तोवर झालेलं नव्हतं. तो स्टुलाशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "रेघांवर विसंबू नका. श्वास बघत जा. मी त्यांच्यावर उजेड टाकतो ना, मला दिसतो. थांबलेल्या माणसाचा श्वास चालू असतो. विसरलेल्याचा अडकतो." असं तिला कोणीच शिकवलं नव्हतं. पुढची सगळी वर्षं ती त्या एका वाक्यावर नावाजली. आणि त्या नाटकापासूनच तिच्या पुस्तकावर त्याने करून दिलेला दिवा असायचा: डब्याच्या पत्र्याचा, मुठीएवढा, वर निळा कागद, म्हणजे अंधारात वाचता यावं पण झोत बाहेर फुटू नये. मागणी त्याने कधी घातलीच नाही. लोक अंगठी देतात; याने दिवा दिला.

दार उघडलं. डॉक्टर एकटीच बाहेर आली, हातात कागद, आणि कपाळावर तीच आठी. शेजारच्या खुर्चीवर बसली. "काकू, तुम्हाला एक विचारायचंय. आम्ही त्यांना एक वाक्य लिहायला सांगतो, काहीही. लोक लिहितात, आज हवा छान आहे वगैरे. यांनी हे लिहिलंय. मला कळेना, हा गोंधळ समजायचा की काय." तिने कागद पुढे केला. उजेडचं अक्षर आताशा तिरपं चालायचं, पण वाचता येत होतं. *मागच्या वर्षीचे गुण माझ्या बायकोच्या बोटांचे होते, आजचे माझे आहेत.*

कुजबुजीला कागदावरची अक्षरं पुसट दिसायला लागली. म्हणजे याला ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं. वार विसरला, भाचीचं नाव विसरला, घर विसरला, आणि हे धरून ठेवलं. डॉक्टर वाट बघत होती. "खरं आहे का हे?" नाही म्हटलं तर तो भ्रमिष्ट ठरत होता, हो म्हटलं तर ती लबाड. यात निवडण्यासारखं काही नव्हतं. "खरं आहे," ती म्हणाली, "ते गुण माझे होते." आणि पंधरा दिवस पाठ केलेलं वाक्य इतकं सोपं निघालं, की पुढचं तिला थांबवता येईना. विंग, डिमर, बोटं, चष्मा, किल्ल्या, पाण्याची टाकी, सगळं. "माझ्यामुळे त्याचं एक वर्ष गेलं हो," असंही ती म्हणाली. डॉक्टरने तिचा तो उजवा हात हातात घेतला. तिचे ओठ हसू दाबत होते. "शंभरातून सातसुद्धा बोटांनी? आठ, मग सहा?" "हो." "काकू, माझ्या आठ वर्षांच्या कामात असा कॉपीचा प्रकार मी पाहिला नाही." मग ती गंभीर झाली. "गेल्या वर्षी त्यांना खरे किती मिळाले असते?" कुजबुजीने मोजलं. बोटांवरच मोजलं. "चोवीस. फार तर पंचवीस." डॉक्टरच्या कपाळावरची आठी गेली. "मग ठीक आहे. मग उतार नेहमीच्या चालीचा आहे. मी तसं लिहिते, आणि तुम्ही खाली सही करा." ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली. "एकवीस आलेत."

कुजबुजीचा जीव भांड्यात पडला. उजेड बाहेर आला तेव्हा ती उभीच होती. "काय उजेड पाडलास?" तिने विचारलं. "ते तिला विचार," तो ऐटीत म्हणाला, "माझं काम झालं." तिने त्याच्या स्वेटरची बटणं सोडून नीट लावली. तिथेच, कॉरिडॉरच्या मध्यभागी, येणारेजाणारे वळसा घालून जात असताना.

तीन आठवड्यांनी पहिला डोस झाला. सकाळची वेळ, लांबट खोली, मागे कलणाऱ्या सहा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक उंच दांडा आणि त्याला लटकलेली पिशवी. सही करण्याआधी डॉक्टरने सगळं पुन्हा सांगितलं होतं. गेलेलं येणार नाही. जे आहे ते जास्त दिवस राहील अशी आशा आहे, हमी नाही. डोकं दुखलं, दिसायला त्रास झाला तर लगेच फोन. कुजबुजीने मान हलवली. तिला हे समजायला जड गेलं नाही. पडदा पडायचा तो पडणारच असतो, तिने एकतीस वर्षं रोज पाहिलाय. पण शेवटच्या अंकात थोडा दम धरता येतो, नट चांगला असला आणि त्याला कोणी घाई केली नाही तर. उजेडला मात्र वेगळीच तक्रार होती. "ही ट्यूबलाईट बघ," तो म्हणाला, "हिच्याखाली नवरदेव बसवला तरी आजारी दिसेल." सुई लावणारी नर्स हसली. तीच ती, 'आजी' म्हणणारी. "आजोबा, तुम्ही दिव्यांचं काम करायचात ना? मग आजी कुठे भेटल्या?"

"अंधारात," उजेड म्हणाला, आणि खुर्चीत सावरून बसला. गोष्ट सांगायच्या आधी तो असाच बसायचा. नळीतून थेंब उतरत होते. "ही विंगेत बसायची. टॉर्च घेऊन. टॉर्चचा झोत नटांच्या डोळ्यांवर जायचा, ते वैतागायचे. मग मी हिला एक दिवा करून दिला. छोटा. डब्याच्या पत्र्याचा. त्याच्यावर कागद लावला होता..." तो थांबला. "कागद..."

नर्सने कुजबुजीकडे पाहिलं. आजारी माणूस अडला की सगळे बाजूच्या माणसाकडे बघतात. शब्द कुजबुजीच्या जिभेच्या टोकावर होता, निळा, तयार, गोड आवाजात द्यायचा तेवढा. पर्सवरचा हात उचलला गेला. तिने त्याच्या छातीकडे पाहिलं. करडा स्वेटर वर झाला, खाली झाला. पुन्हा वर झाला. श्वास चालू होता. तिने हात खाली ठेवला, जीभ टाळूला लावली आणि मनातल्या समासात रेघा मारायला लागली. एक. दोन. तीन. चौथ्या रेघेला नर्स चुळबुळली; कुजबुजीने तिला तळवा दाखवला. पाच. सहा. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या चपलांपर्यंत पोचलं होतं. सात. आठ. इतका लांब पॉज तिने कुठल्याच संहितेत मारला नव्हता. नऊ.

"लाल," तो म्हणाला.

तिचा हात पर्सवरच राहिला.

"आधी लाल होता. पहिल्या प्रयोगाला. लाल कागद होता माझ्याकडे, तोच लावला. आणि हिच्या रेघा लाल पेन्सिलीच्या. लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही, पांढऱ्या कागदात मिसळून जाते. दिवेवाल्याला हे कळायला नको? नाही कळलं. ही चुकली. सगळे हिला बोलले. ही तिकडे रडत बसली." त्याचा श्वास एकदा थरथरला आणि पुन्हा सरळ झाला. "पडदा पडल्या पडल्या मी कागद बदलला. निळा लावला. सांगणार होतो हिला. चहा घेऊन गेलो सांगायलाच. पण तोंडातून दुसरंच काहीतरी आलं. मग राहिलं. म्हटलं, कळलं तर ही माझ्याशी लग्न करणार नाही."

थेंब पडत होते. कुजबुजीला एकदम हसू फुटलं. त्रेचाळीस वर्षं! त्रेचाळीस वर्षं हा माणूस तिच्या शेजारी झोपला, जेवला, भांडला, म्हातारा झाला, आणि ती सात रेघांचं कोडं उराशी धरून बसलेली असताना उत्तर याच्या खिशात. तिला त्याचा राग यायला हवा होता. तिने त्याचा मोकळा हात घट्ट धरला आणि डोळे पुसत हसत राहिली. बोटांचं एक वर्ष आणि लाल कागदाचं हे सगळं आयुष्य; फिटंफाट व्हायला अजून बरेच दिवस लागणार होते, आणि दिवस मिळायचे असतील ते या नळीतूनच मिळणार होते. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. नर्सही कामधाम सोडून उभी होती.

"खरं का हो आजी?" तिने विचारलं. "लाल होता?"

कुजबुजीने डोळे मिटले. अंधारी विंग दिसली, स्टूल दिसलं, मांडीवरची संहिता दिसली, आणि तिच्यावर तो मुठीएवढा दिवा. निळा. तिने त्या निळ्याच्या मागे जायचा प्रयत्न केला. त्याच्या मागे काहीच नव्हतं.

"मला नाही आठवत गं," ती म्हणाली. "त्यांना विचार. त्यांना आठवतंय."